शंभर टक्के, पण कशाचे?

विषय जरा कोरडा आहे, म्हणून एका भागाकाराने सुरुवात करतो. कागद जवळ असेल तर लिहून घ्या. ४१,९५,८३५ भागिले ३१,४५,७२७.

उत्तर येतं १.३३३८२०४ आणि पुढे काही. १९९४ साली इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरवर हाच भागाकार केला, तर १.३३३७३९० असं काहीतरी येत होतं. चौथ्या दशांश स्थळावरच गाडी घसरलेली. आलेल्या उत्तराला परत ३१,४५,७२७ ने गुणायचं आणि मूळ संख्येतून वजा करायचं, म्हणजे शून्य उरायला हवं. उरत होते २५६. वाण्याने असा हिशेब केला असता तर आपण दुकान बदललं असतं.

हा दोष जगापुढे आणला थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांनी. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात ते शिकवत. जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते, दोन संगणकांची उत्तरं जुळेनात. आधी त्यांनी स्वतःचा प्रोग्राम तपासला, मग बाकीचं यंत्र तपासलं, आणि शेवटी बोट प्रोसेसरवर आलं. मी सांगितलेली जोडी मात्र टिम को या अभियंत्याने शोधलेली. चूक इतकी ठळक दिसते म्हणून तीच प्रसिद्ध झाली.

आता चूक होती कुठे? शाळेत मोठा भागाकार करताना आपण प्रत्येक पायरीला अंदाज बांधतो, ‘किती वेळा जाईल?’ पेन्टियमही तेच करत होता. फक्त अंदाज डोक्याने न बांधता एका तक्त्यात बघायचा. उरलेल्या बाकीचे वरचे काही बिट आणि भाजकाचे वरचे काही बिट घेतले की तक्ता सांगायचा: उणे २, उणे १, शून्य, १ किंवा २. या पद्धतीत अंदाज थोडा इकडेतिकडे झाला तर पुढच्या पायरीला सावरून घेता येतो. २०४८ घरांचा तक्ता, त्यातली १०६६ घरं भरायची होती. पाच घरांत २ हवे होते, तिथे शून्य राहिलं. दोनच्या जागी शून्य म्हणजे इतकी मोठी चूक, की पुढे ती सावरत नाही.

ती पाच घरं क्वचित लागायची. कोणत्याही दोन संख्या उचलल्या तर सुमारे ९०० कोटी भागाकारांत एकदा, असा इंटेलचा हिशेब होता. म्हणून त्यांनी सांगितलं की साधारण माणसाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल. आयबीएमने स्वतःचा हिशेब मांडला आणि म्हटलं, २४ दिवसांत एकदा. चूक तीच, तक्ता तोच, घरंही तीच पाच. फरक एवढाच, की माणसं कोणत्या संख्या भागायला घेतात याबद्दल दोघांनी वेगवेगळं गृहीत धरलं. डिसेंबर १९९४ मध्ये इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च दाखवला.

२७,००० वर्षं आणि २४ दिवस, हे दोन आकडे लक्षात ठेवा. त्यांची गरज पुढे लागणार आहे.

चिप कारखान्यात जाण्याआधी तिचं डिझाइन व्हेरिलॉगसारख्या भाषेत लिहिलेलं असतं. ते संगणकावर चालवून बघतात, त्याला सिम्युलेशन म्हणतात. डिझाइनच्या भोवती जो मांडव उभारतात तो टेस्टबेंच. त्यात एक ड्रायव्हर असतो, तो आत काहीबाही पाठवत राहतो. एक मॉनिटर असतो, तो बाहेर काय येतंय ते टिपतो. एक रेफरन्स मॉडेल असतं, म्हणजे बरोबर उत्तर काय यायला हवं हे दुसऱ्या वाटेने काढणारा हिशेबनीस. आणि एक स्कोअरबोर्ड, जो दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून जुळवतो. फौजेतल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. क्वार्टरमास्टरच्या स्टोअरमध्ये आलेला माल, गेलेला माल आणि शिल्लक यांचा मेळ घालतात, तसाच हा प्रकार. शिवाय असर्शन नावाची छोटी वाक्यं डिझाइनमध्येच पेरून ठेवतात: ‘विनंती आली की चार क्लॉकच्या आत उत्तर गेलंच पाहिजे.’ हा गेटवरचा संत्री. नियम मोडला की तिथल्या तिथे ओरडतो.

सगळं तपासता येईल का? येणार नाही. दोन ३२ बिटी संख्यांची साधी बेरीज घ्या. अशा जोड्या होतात २ चा ६४ वा घात. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या तरी सुमारे ५८४ वर्षं लागतील. आणि सिम्युलेशनचा वेग त्याच्या आसपासही नसतो. म्हणून निवड करावी लागते. निवड केली की लगेच पुढचा प्रश्न येतो: काय बघितलं आणि काय राहिलं? त्याची नोंद म्हणजे कव्हरेज.

मी सिग्नल्समध्ये नोकरी केली, पण हे समजावायला मला पायदळाचं उदाहरण बरं वाटतं. कंपनीचा इलाका आहे. महिन्याला तीस गस्ती गेल्या असा अहवाल वर जातो. तीस हा आकडा छान दिसतो. पण तुम्ही नकाशा उघडा आणि प्रत्येक गस्त जिथून गेली ती वाट पेन्सिलीने रंगवा. बहुतेक वेळा दिसेल की पंचवीस गस्ती एकाच पायवाटेने गेल्यात, कारण ती वाट सोयीची आहे, पाणी जवळ आहे, अंधारात पाय मुरगळत नाही. पश्चिमेचा नाला कोराच. येणारा कुठून येईल, सांगा बरं.

टेस्टबेंचमध्ये ठोकळेबाज चाचण्यांऐवजी फासे टाकून चाचण्या तयार करतात, त्याला कन्स्ट्रेन्ड रँडम म्हणतात. कल्पना उत्तम आहे. माणसाला सुचणार नाहीत अशा गोष्टी फाशांना सुचतात. पण फाशांनाही सवयीची पायवाट असते. तुम्ही घातलेल्या अटींप्रमाणे काही गोष्टी लाख वेळा घडतात आणि काही कधीच नाहीत. पेन्टियमच्या त्या पाच घरांचंच बघा. समजा सिम्युलेशनमध्ये सेकंदाला १००० भागाकार होतायत. ९०० कोटींत एकदा, म्हणजे चूक एकदा भेटायला सरासरी १०४ दिवस. रोज संध्याकाळी ‘आज इतके कोटी भागाकार, सगळे बरोबर’ असा अहवाल येईल. सब ठीक, साब. तीन महिने सब ठीक.

आता याच चाचणीला एक नकाशा जोडा: भरायच्या १०६६ घरांची यादी, आणि प्रत्येक घरापुढे किती वेळा तिथे गेलो त्याचा आकडा. पहिल्याच संध्याकाळी दिसेल की बरीच घरं लाखो वेळा झाली आणि काहींपुढे शून्य आहे. त्या शून्यावर बोट ठेवून कोणीतरी विचारील, इथे का नाही गेलो? मग फासे बदलायचे, किंवा मुद्दाम तिथे नेणाऱ्या संख्या शोधायच्या. कव्हरेजचं काम एवढंच, रिकामी जागा दाखवणं.

पण ही यादी आली कुठून? आजचं माझं सगळं भाषण या एका प्रश्नासाठी आहे.

समजा, मी ही यादी डिझाइनमधल्याच तक्त्यावरून बनवली. ज्या घरात काही भरलंय ते यादीत, ज्यात शून्य आहे ते बिनवापराचं म्हणून बाहेर. मग ती पाच घरं यादीतच येणार नाहीत. मी उरलेली सगळी घरं फिरून येईन आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलं असेल, १०० टक्के. हजेरीपटावर ज्याचं नावच नाही त्याची गैरहजेरी लागत नाही. हीच यादी भागाकाराच्या गणितावरून, डिझाइन न बघता बनवली, तर ती पाच घरं यादीत असतील.

कव्हरेजचे दोन मोठे प्रकार आहेत, त्यांत नेमका हाच फरक आहे. कोड कव्हरेज यंत्र आपोआप मोजतं. डिझाइनमधली प्रत्येक ओळ चालली का, प्रत्येक फाटा घेतला गेला का, प्रत्येक तार शून्याची एक आणि एकाची शून्य झाली का. फुकटात मिळतं, जरूर घ्या. पण ते लिहिलेल्या ओळींचीच हजेरी घेतं. जी ओळ लिहायची राहून गेली तिच्याबद्दल ते काय बोलणार? दुसरं फंक्शनल कव्हरेज. इथे यादी माणूस लिहितो, स्पेसिफिकेशन वाचून. सिस्टमव्हेरिलॉगमध्ये त्यासाठी कव्हरग्रुप असतो, त्यात कव्हरपॉइंट, आणि प्रत्येकाचे रकाने, ज्यांना बिन म्हणतात. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या का हे बघायचं तर त्यांचा क्रॉस. लिहायला कंटाळवाणं काम आहे. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी डिझाइनचा कोड शेजारी उघडा ठेवून त्यावरूनच यादी खरडली जाते, आणि वर सांगितलेला घोटाळा होतो.

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. निवृत्तीनंतर काही काळ बेंगळुरूच्या एका छोट्या डिझाइन कंपनीच्या रिव्ह्यूंना मी बसत असे. कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. दूरसंचारासाठीची चिप होती, आणि टेप-आउट, म्हणजे डिझाइन कारखान्याकडे रवाना करण्याचा दिवस, दहा दिवसांवर आला होता. ॲप असतं तर पुढच्या आठवड्यात दुरुस्ती पाठवता येते. चिपचे मास्क एकदा बनले की दुरुस्ती म्हणजे नवे मास्क, नवा खर्च आणि गेलेले महिने.

त्या चिपमध्ये एक फिफो होता. फिफो म्हणजे रेशनची रांग, आधी आला तो आधी बाहेर. १६ जागा. एका बाजूने माहिती आत येते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. कोड कव्हरेजमध्ये प्रत्येक ओळ आणि प्रत्येक फाटा झालेला. फंक्शनल कव्हरेज मात्र शंभरला एक रकाना कमी. तो रकाना असा: फिफो पूर्ण भरलेला आहे, आणि त्याच क्लॉकला आत लिहायची मागणीही आहे आणि बाहेर वाचायचीही.

अशा वेळी एक सोय असते, वेव्हर. ‘ही परिस्थिती येऊच शकत नाही’ असं कारण लिहून रकाना यादीतून वगळायचा, की आकडा शंभर. कारण तयार होतं: पाठवणारं सर्किट फिफो भरलेला असताना लिहायला जातच नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. सही करायची होती व्हेरिफिकेशन बघणाऱ्या मुलीला. नोकरीत दुसरंच वर्ष असेल. ती म्हणाली, “सर, जात नाही असं स्पेसिफिकेशनमध्ये कुठे लिहिलंय, ते मला दाखवा. मग करते सही.”

पानं चाळली गेली. तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ती फक्त सगळ्यांची समजूत होती. तिला दोन दिवस मिळाले, तेही कुरकुरत.

तिने आधी शोधलं की फासे तिथे का पोहोचत नाहीत. वाचणारी बाजू टेस्टबेंचमध्ये फार तत्पर होती. काही आत आलं की लगेच उचलायची, त्यामुळे फिफो कधी भरायचाच नाही. भरलेला फिफो तपासायला एक वेगळी चाचणी होती, पण तिच्यात वाचन पूर्ण थांबवून फिफो भरायचा, आणि मग लेखन थांबवून रिकामा करायचा. म्हणजे भरणं तपासलेलं, लिहिणं तपासलेलं, वाचणं तपासलेलं. तिन्ही एकत्र मात्र कधीच नाही. तिने वाचणाऱ्या बाजूला आळशी केलं. मधूनमधून थांबेल, मग एखाददुसरं उचलेल, परत थांबेल. थोड्याच वेळात रकाना भरला, आणि त्याच क्षणी स्कोअरबोर्डवर लाल अक्षरं आली. एक शब्द आत गेला होता, बाहेर आलाच नव्हता.

कारण ऐकण्यासारखं आहे. डिझाइनमध्ये दोन वेगळ्या ओळी होत्या. एक ओळ पाठवणाऱ्याला ‘घेतो’ असं सांगायची, आणि तिची अट होती: जागा असेल तर, किंवा याच क्लॉकला एक बाहेर पडत असेल तर. दुसरी ओळ खरंच आत लिहायची, आणि तिची अट फक्त: जागा असेल तर. फिफो भरलेला असताना वाचन आणि लेखन एकदम आलं, की पहिली ओळ म्हणायची ‘मिळालं’ आणि दुसरी लिहायचीच नाही. पोचपावती हातात, टपाल गहाळ. तेसुद्धा कधी? वाहतूक सर्वांत जास्त असताना, कारण फिफो भरतो तेव्हाच. हा दोष टेबलावर वर्षभर दिसला नसता आणि गर्दीच्या दिवशी रोज दिसला असता. इंटेलचे २७,००० आणि आयबीएमचे २४ आठवले?

जाणकार श्रोते म्हणतील की कोड कव्हरेजमध्ये एक्स्प्रेशन नावाचा प्रकार असतो, त्याने पहिल्या ओळीतली ती न तपासलेली जुळणी दाखवली असती. खरं आहे. तो अहवाल तिथे काढलाच जात नव्हता, कारण तो फार लांबलचक येतो आणि वाचायला कोणाला वेळ नसतो. शिवाय त्याने तरी काय, एका ओळीतली रिकामी जागा दाखवली असती. दोन ओळींचं एकमेकींशी पटत नाही, हे स्कोअरबोर्डनेच सांगितलं.

दुरुस्ती एका ओळीची झाली. ‘घेतो’च्या अटीतला दुसरा भाग काढून टाकला. भरलेल्या फिफोला एक क्लॉक थांबावं लागतं, एवढाच तोटा. टेप-आउट चार दिवस लांबलं, कारण दुरुस्तीनंतर सगळ्या चाचण्या पुन्हा चालवाव्या लागल्या.

मला त्या बैठकीतली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली. यादीत तो क्रॉस मुळात होता, म्हणून तो रिकामा दिसला. तो कोणी लिहिला होता? आदल्या वर्षी सोडून गेलेल्या एका इंजिनिअरने, डिझाइनचा कोड लिहून व्हायच्या आधी, फक्त स्पेसिफिकेशन वाचून. डिझाइन लिहिणाऱ्यानेच यादी केली असती तर त्याच्या डोक्यातल्या समजुती यादीतही उतरल्या असत्या. आपल्याकडे व्हेरिफिकेशनला गेलेल्या मुलांना अजून ऐकवलं जातं, “डिझाइनला नाही का मिळालं?” पुढाऱ्याच्या गाडीत बसणारा मोठा आणि पुढे जाऊन पुलाखाली बघणारा छोटा, असलाच हा हिशेब झाला. मला तो पटत नाही.

यादी चांगली आहे, आकडाही खरा शंभर आहे, तरी एक भोक उरतंच. गस्त नाल्यातून गेली, पण कोणी इकडेतिकडे बघितलंच नाही. कव्हरेज सांगतं की तिथे पोहोचलो. तिथे जे घडलं ते बरोबर होतं की चूक, हे स्कोअरबोर्ड आणि असर्शन सांगतात. मी अशी टेस्टबेंच पाहिली आहे, जिच्यात तुलना करणारी ओळ कोणीतरी तात्पुरती बंद केली होती आणि ती तशीच राहिली. रकाने भरत होते, लाल अक्षर एकही नाही. मोठं आनंदाचं वातावरण.

यावर उपाय फौजेतलाच आहे. संत्री जागा आहे का हे बघायला आम्ही रात्री आपलाच माणूस चोरपावलांनी पाठवत असू. इथेही तसंच करा. डिझाइनच्या एका प्रतीत मुद्दाम खोड्या घाला. कुठे अधिकच्या जागी उणे, कुठे एक अट उलटी, कुठे मोजणी एकने कमी. मग सगळ्या चाचण्या चालवा. प्रत्येक खोडीला कोणीतरी ओरडलं पाहिजे. ज्या खोडीवर सगळे गप्प बसले, तिथे तुमचा पहारा झोपलेला आहे. मोठ्या कंपन्यांत यासाठी महागडी साधनं आहेत. दहा खोड्या हाताने घालायला एक दुपार पुरते.

विद्यार्थ्यांसाठी एक सांगतो. हे सगळं शिकायला लाखांची लायसन्स लागतात हा समज जुना झाला. व्हेरिलेटर आणि इकारस व्हेरिलॉग हे सिम्युलेटर मोफत आहेत. कोकोटीबी वापरलंत तर टेस्टबेंच पायथनमध्ये लिहिता येते. लहरी बघायला जीटीकेवेव्ह आहे. प्रोसेसर तपासायची हौस असेल तर आयआयटी मद्रासचा शक्ती आहे, रिस्क-फाइव्ह जातीचा, डिझाइन सर्वांना खुलं. रिस्क-फाइव्हसाठी स्पाइक नावाचं तयार रेफरन्स मॉडेलही मिळतं. एकच प्रोग्राम दोन्हींवर चालवायचा आणि प्रत्येक सूचनेनंतर रजिस्टर जुळवायचे. जिथे पहिल्यांदा फरक पडेल तिथे खणायला सुरुवात. आणि जिथे गणितच पक्कं आहे, जसा आपला भागाकार, तिथे सिम्युलेशनच्या पुढे जाऊन गणिती सिद्धता देण्याच्या पद्धती आहेत. पेन्टियमनंतर इंटेलनेही त्या वाटेवर बराच भर दिला. तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

पुढच्या रविवारपर्यंत एक काम करा. आठ जागांचा एक फिफो, मोफत मिळणारा कोणताही. त्याचा कोड उघडू नका. फक्त वर्णन वाचा आणि कागदावर यादी लिहा: रिकामा असताना वाचन, भरलेला असताना लेखन, दोन्ही एकदम, भरतानाच रीसेट, शेवटच्या जागेवरून पहिल्या जागेवर वळताना दोन्ही बाजू चालू, आणि तुम्हाला सुचेल ते. यादीवर तारीख टाका. मग कोड उघडा, टेस्टबेंच लिहा, आणि दोन्ही कव्हरेज चालू करून बघा. कोड कव्हरेज शंभर झालं त्या क्षणी तुमच्या यादीतले किती रकाने रिकामे होते, तो आकडा मला कळवा. आता प्रश्न घेऊ या.